निम्म्या किमतीचं लायनर

गिरणीचा भोंगा बंद झाला तेव्हा
अप्पांनी मागातून बोटं काढली
आणि बेअरिंगच्या ग्रीसमध्ये घातली.
अक्कलकोट रोडला पत्र्याचं दुकान, दहा बाय बारा.
पेंटरनं पाटीवर 'आटो स्पेअर' लिहिलं,
वरचा चंद्र विसरला.
आम्ही तो कधी काढून घेतला नाही.

आता काउंटरवर मी असते.
पहिली दोन वर्षं गिऱ्हाईक माझ्या डोक्यावरून आत बघायचं,
"शेठ नाहीत का?"
मी विचारायची, किंगपिन कुठल्या मॉडेलचा? जुना एक्सल का नवा?
मग नजर हळूहळू खाली यायची.

अप्पांना नंबर पाठ नव्हते.
डोळे मिटून हातावर वजन घ्यायचे:
"हे त्याचं चुलत भावंड. दिसतं तसंच, पण बसणार नाही."
मला अकरा आकडी नंबर पाठ आहेत,
तरी एका शून्यानं माल चुकतो,
परतीचं भाडं आपल्याच माथी.

माळ्यावर कमानपाट्यांची थप्पी आहे.
ज्या गाडीच्या त्या, ती गाडीच रस्त्यावरून गेली.
हिशेबनीस म्हणतो, मेलेलं भांडवल, भंगारात घाला.
दसऱ्याला मी त्यांनाही झेंडू वाहते.

नव्या गाड्या कुरकुरत नाहीत, नुसता दिवा लावतात.
परवा केगावजवळ सोळा चाकी उभी राहिली, पोटात सिमेंट,
इंजिन धडधाकट, गिअर धडधाकट,
धुराड्यापाशी करंगळीएवढा सेन्सर रुसलेला.
मैनुद्दीन मिस्त्री खाली सरकले, सवयीनं कान लावला,
बाहेर येऊन पायजमा झटकला.
"बेटा, इसको लॅपटॉप लगता. मला नुसतं ऐकता येतं."
सेन्सर पुण्याहून तिसऱ्या दिवशी आला.
तोवर ड्रायव्हरनं बाभळीखाली
शेंगाचटणीची अख्खी पुडी संपवली होती.

पोरं मोबाइल पुढं करतात,
"ताई, इथं चारशेनं कमी दाखवायलंय बघा."
विचार त्यालाच, म्हणते, रात्री दोनला शटर उघडतो का.
हसतात.
मग चारशे मी सोडते.
ट्रान्सपोर्टवाले ऐंशी दिवसांनी देतात,
कंपनीला एकविसाव्या दिवशी पाहिजेत,
मधले एकोणसाठ दिवस
माझ्या बांगड्या बँकेत राहतात.

अशाच एका महिन्यात मी तो खोका घेतला.
निम्म्या किमतीचं ब्रेक लायनर,
होलोग्राम खऱ्यापेक्षा जास्त चमकणारा.
एकच सेट विकला. बसलिंग कोरेला.
गाडी त्याची स्वतःची, हप्ते अजून चालू.

नवव्या दिवशी तो आला.
पेपरात गुंडाळलेलं काउंटरवर ठेवलं, सोडलं.
करपलेल्या भाकरीच्या कडेसारखे तुकडे.
"तुळजापूरच्या घाटात," म्हणाला. "मुरुमाच्या ढिगात घातली."
चहा आला. त्यानं बशीत ओतला, फुंकला.
"क्लीनर पोरगं झोपलं होतं.
मी उठवलं नाही त्याला."
एवढंच.

मी खरा सेट काढला, पैसे नको म्हणाले.
त्यानं नोटा मोजून ठेवल्या.
"फुकट नको. बिल करा.
नंबर घाला त्यात."
नंबर लिहिताना माझा हात
दोनदा चुकला.

तो खोका मी मागच्या नाल्यात नाही टाकला,
घणानं फोडला, मैनुद्दीनचाचांसमोर.
त्यांनी काही विचारलं नाही.
त्या महिन्याचा कर दंडासकट भरला.

एक तुकडा काउंटरवर आहे,
पंख्याखाली बिलं उडू नयेत म्हणून.
काल नवा सेल्समन आला, इन केलेला शर्ट, कोरी बॅग.
"मॅडम, मार्जिन बघा. सगळं मार्केट हेच विकतंय."
ते खोटं नव्हतं.
शेजारच्या दोन दुकानांत त्याचंच कॅलेंडर लटकतंय,
आणि गिऱ्हाईकही तिकडंच जास्त.

मी तुकडा उचलला, त्याच्या तळहातावर ठेवला.
बिलं उडाली, उडू दिली.
डोळे मिट, म्हटलं.
वजन घे.